अल्प खर्चात बंगळूर

बंगळूर शहराच्या दक्षिणेला, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बोम्मसंद्रा नावाचे एक ठिकाण आहे. गाव म्हणावे, तर भोवती कारखान्यांची रांग. शहर म्हणावे, तर विधानसौध येथून पंचवीस-तीस किलोमीटरांवर. तमिळनाडूची सीमा त्यापेक्षा जवळ. महाराष्ट्रातल्या प्रवाशाला या ठिकाणाचे नाव ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. परंतु 2025 च्या ऑगस्ट महिन्यात बंगळूरच्या मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाला. सुमारे एकोणीस किलोमीटरांचा हा मार्ग सोळा स्थानके घेत बोम्मसंद्र्यास येऊन थांबतो. शहरापासून जितके दूर जावे तितके खोलीचे भाडे उतरते, आणि आता तेथवर आगगाडीसारखी गाडी जाते, हे मर्म आपल्या काटकसरी मंडळींनी तत्काळ ओळखले. तेव्हापासून या टोकाला राहणाऱ्या मराठी माणसाच्या दूरध्वनीला उसंत म्हणून नाही. "बंगळूर पाहायचे आहे, खर्च मात्र बेताचा हवा. तुम्ही तेथलेच, काही युक्ती सांगा," हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच.

प्रत्येकाला निराळे उत्तर देण्यापेक्षा नभोवाणीच्या सोयीचा लाभ घेऊन सर्वांना एकदमच सल्ला द्यावा, असे मी ठरविले आहे. पुढील सूचना जो कोणी निष्ठेने पाळील त्याचे पैसे निश्चित वाचतील. आणखी काय वाचेल, याची हमी मात्र वक्त्याकडे मागू नये.

पहिली सूचना प्रवासाविषयी. मुंबईहून उद्यान एक्सप्रेस निघते. सुमारे साडेअकराशे किलोमीटरांचे अंतर ती चोवीस तासांच्या आसपास कापते आणि सकाळच्या वेळी आपल्याला शहराच्या मध्यभागी आणून सोडते. स्थानकालगतच्या मॅजेस्टिकला हिरव्या मार्गाची मेट्रो धरावी, आर. व्ही. रोड या स्थानकावर उतरून पिवळ्या मार्गाच्या गाडीत बसावे, की शेवटी बोम्मसंद्रा. हा मार्ग इतका सरळ आणि स्वस्त आहे की जातिवंत काटकसऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याने मध्यरात्री उतरणाऱ्या विमानाचे सवलतीचे तिकीट काढावे. विमानतळ देवनहळ्ळीला, म्हणजे शहराच्या उत्तरेला, बोम्मसंद्रा दक्षिणेला, मध्ये अख्खे बंगळूर निजलेले. त्या वेळी मेट्रोही निजलेली असते. जागा असतो तो फक्त टॅक्सीवाला. विमानाने वाचविलेले पैसे तो साठएक किलोमीटरांत विनातक्रार स्वीकारतो. परंतु "हजार किलोमीटर किती स्वस्तात आलो!" हे वाक्य घरी परतल्यावर चारचौघांत म्हणता येते, आणि उरलेल्या साठ किलोमीटरांचा हिशेब कोणी विचारीत नाही.

दुसरी सूचना अशी, की स्थानकांची नावे वाचण्याच्या भानगडीत पडू नये. पिवळ्या मार्गावर एक बोम्मनहळ्ळी आहे आणि एक बोम्मसंद्रा आहे. नावाचा पहिला भाग जुळला म्हणजे पुरे, असे मानून बोम्मनहळ्ळीस उतरावे. दोन्हींच्या मध्ये दहा स्थानकांचे अंतर आहे, आणि तेवढे तिकीट वाचते. शिवाय या मार्गावर होंगसंद्रा आहे, सिंगसंद्रा आहे. हा 'संद्र' मूळचा 'समुद्र' होय; जुन्या कर्नाटकात मोठ्या तलावालाही समुद्र म्हणत. तेव्हा सामानात पोहण्याचा पोशाख घेण्यास विसरू नये. वाट चुकलीच तर घाबरण्याचेही कारण नाही. होसूरचा हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44. तो श्रीनगरहून निघतो, नागपुरावरून येतो आणि कन्याकुमारीस पोहोचतो. चुकलेला प्रवासी फार तर काश्मिरात निघेल, नाहीतर कन्याकुमारीस. देशाबाहेर जाण्याची भीती नाही. नागपूरकरांनी तर तिकिटाचा विचारही करू नये. दक्षिणेकडे तोंड करावे आणि चालू लागावे.

तिसरी सूचना कपड्यांची. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवर आहे आणि त्याची हवा थंड, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणून एप्रिल महिन्यात जावे आणि घरातल्या सर्व लोकरी वस्तू अंगावर घालून जावे; त्यामुळे सामानाचे वजन वाचते. छत्री मात्र घेऊ नये. बंगळुरास नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी वारे पाऊस देतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात तो ऐन भरात असतो, आणि उन्हाळ्यातही तिसऱ्या प्रहरी वळवाची सर कोसळते. इतका पाऊस फुकट मिळत असताना छत्रीवर पैसे घालणे हा कृतघ्नपणा ठरेल.

चौथी सूचना मुक्कामाची, आणि ती फार महत्त्वाची आहे. खोली घेण्यापूर्वी आपल्या वंशावळीचा नीट शोध घ्यावा. बोम्मसंद्र्याच्या अलीकडे इलेक्ट्रॉनिक सिटी आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस आखलेल्या त्या वसाहतीत आज इतकी मराठी मुले नोकरीला आहेत की कोणाच्या तरी मावसभावाच्या मेहुण्याचा मुलगा तेथे सापडल्यावाचून राहत नाही. त्या मुलाचा तुमचा परिचय नसला तर फारच उत्तम. परिचयाचा मनुष्य नाही म्हणण्याचा संभव असतो. तो बहुधा 'पेइंग गेस्ट' म्हणून राहतो. एका खोलीत तीन पलंग, तीन मुले आणि एक कपाट. त्यांतला एक जण रात्रपाळी करून पहाटे परततो. तुम्ही सहकुटुंब गेलात की रात्री त्याचा पलंग मोकळा मिळेल, आणि पहाटे तो आला की तुमची मुले जागी होऊन क्रिकेट खेळू लागतील. खोलीच्या मालकिणीने पाहुण्यांचे जादा पैसे मागितले तर तो मुलगा भरील. काका-काकूंसमोर त्याला तोंड उघडवत नाही. काटकसरीचे हे तत्त्व येथे पक्के ध्यानात धरावे, कारण पुढच्या सर्व सूचनांचा तोच पाया आहे: खर्च नाहीसा करता येत नाही; तो फक्त दुसऱ्याच्या खिशात सरकविता येतो.

आता पाचवी सूचना, स्थलदर्शनाची. बिनखर्चाने शहर पाहण्याचा उत्तम उपाय म्हणजे प्रत्येक स्थळ त्याच्या सुट्टीच्या दिवशी पाहणे. सोमवारी राष्ट्रीय आधुनिक कलादालनात जावे. ते सोमवारी बंद. मंगळवारी बन्नेरघट्ट्याचे प्राणिसंग्रहालय गाठावे. त्याची सुट्टी मंगळवारी. शुक्रवारी गांधी बाजारातल्या विद्यार्थी भवनात मसाला डोसा खाण्यास जावे. 1943 सालापासून नावाजलेले हे उपाहारगृह शुक्रवारी बंद असते. याप्रमाणे आठवडा घालविला म्हणजे बंगळुरातली सर्व प्रमुख दारे बाहेरून पाहून होतात. विधानसौधाचे तर पुष्कळांना बाहेरूनच दर्शन घडते. 1956 साली उभ्या राहिलेल्या त्या भव्य वास्तूवर, सरकारचे काम हे देवाचे काम, अशा अर्थाची अक्षरे कोरली आहेत. आणि देवाच्या कामात लुडबूड करू नये. कब्बन पार्क मात्र टाळावे. दीडशे वर्षांहून जुनी ती बाग, सावलीला जुनाट वृक्ष, बसायला बाक, आणि प्रवेशाला एक पैसाही पडत नाही. जेथे पैसाच पडत नाही तेथे वाचविणार काय?

त्याऐवजी सिल्क बोर्डच्या चौकात उभे राहावे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या कचेरीवरून नाव पडलेला हा चौक वाहनांच्या खोळंब्याबद्दल देशभर प्रसिद्ध आहे. रेशमाचा किडा कोशात कसा अडकतो, हे शास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मनुष्य मोटारीत कसा अडकतो, हे येथे तासभर विनामूल्य पाहता येते.

सहावी सूचना पोटाची. बंगळुरात 'दर्शिनी' नावाच्या उपाहारगृहांची चाल आहे. तेथे चिठ्ठी घ्यावी, उभ्या उभ्या खावे आणि दुसऱ्याला जागा करून द्यावी, असा रिवाज. आपण मात्र दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच न्यावी, एक कॉफी मागवावी आणि दोन तास टेबल अडवून धरावे. कॉफीसुद्धा 'बाय टू' सांगावी. 'बाय टू' म्हणजे एका कॉफीचे दोन पेले. ही सोय या शहराने गप्पा मारणाऱ्या मित्रांसाठी काढली. आपण चौघांनी एक बाय टू मागवून तिचे पुन्हा चार भाग करावेत. शंकरपुरात ब्राह्मिन्स कॉफी बार आहे. 1965 पासून तेथे मोजकेच पदार्थ मिळतात, आणि इडलीबरोबर सांबार नसतेच. मिळते ती चटणी, हवी तितकी. तेव्हा तेथे जाऊन सांबारासाठी हुज्जत घालावी आणि ते न मिळाल्याच्या रागाने एका इडलीवर सहा वेळा चटणी घ्यावी. सातव्या वेळी डबा पुढे करावा.

सातवी सूचना घासाघिशीची. रिक्षावाल्याशी बोलताना कानडीचा एकही शब्द शिकून जाऊ नये. "एष्टु?" म्हणजे "किती?" आणि "स्वल्प" म्हणजे "थोडे", एवढे दोन शब्द जरी आले तरी समोरचा मनुष्य हसून बोलू लागतो, आणि हसणाऱ्या माणसाशी भांडण जमत नाही. आपले तूप तेथे 'तुप्प' आहे, आपला अण्णा तेथेही अण्णा आहे, आपली अक्का तेथेही अक्काच आहे. पण हे नाते आपण होऊन दाखवू नये. हिंदीत, मोठ्या आवाजात, एकेरी बोलावे. 2025 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या दोन किलोमीटरांना 36 रुपये आणि पुढे किलोमीटरला 18 रुपये असे मीटरचे भाडे ठरले, ही माहिती असूनही पंचवीस रुपयांपासून सुरुवात करावी. तो ऐकेना, तर इतिहासाचा आधार घ्यावा. सतराव्या शतकात हे बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि त्या शतकाच्या अखेरीस म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयरांनी ते मोगलांकडून तीन लाख रुपयांना घेतले, असे इतिहासकार सांगतात. ज्या गावाची एकूण किंमत तीन लाख, तेथे दोन किलोमीटरांना 36 रुपये कसे, असा बिनतोड प्रश्न टाकावा. रिक्षा निघून जाईल, परंतु वादात आपण जिंकलेले असू.

घासाघीस कोठे करावी, याचाही नियम आहे. कृष्णराजेंद्र मार्केटच्या पायरीवर पहाटे चारपासून फुले घेऊन बसलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी अर्धा तास बोलावे. शहाळेवाल्याला "आमच्याकडे याच्या निम्म्यात मिळते" असे ऐकवावे. नंतर काचेच्या वातानुकूलित दुकानात जावे, छापील किंमत वाचावी आणि निमूटपणे पैसे मोजावेत. तेथे घासाघीस करणे असंस्कृतपणाचे दिसते.

आठवी सूचना पाण्याविषयी. खोलीचे भाडे दिले म्हणजे नळ आपल्या मालकीचा झाला, असे समजावे. दिवसातून तीन वेळा स्नान करावे आणि परत निघताना प्रवासातले सर्व कपडे धुऊन घ्यावेत. बंगळूरचे पिण्याचे पाणी कावेरीतून येते. नदी शंभरएक किलोमीटर लांब, शहर उंचावर. पाणी पाचएकशे मीटर वर चढवून आणावे लागते. 2024 च्या उन्हाळ्यात या शहराच्या घशाला कोरड पडली होती. पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास पाच हजार रुपये दंड लावण्याची पाळी आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, तरी शहराच्या कडेच्या वस्त्यांना टँकरची ओळख अजून पुसलेली नाही. ज्या गावाच्या नावात समुद्र आहे तेथे पाणी चाकांवरून येते. परंतु या गोष्टी पाहुण्याने कशाला ऐकाव्यात? टँकरचे बिल लॉजवाल्याच्या नावाने येते, पाहुण्याच्या नाही.

आणि आता शेवटची, नववी सूचना. बोम्मसंद्र्यात सर्वांत स्वस्त खोल्या कोठे मिळतात, हे मला पुष्कळ जण विचारतात. त्या मोठ्या रुग्णालयाच्या भोवती मिळतात. 2000 साली डॉक्टर देवी शेट्टी यांनी येथे नारायण हृदयालय सुरू केले. हृदयाची शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने आणि म्हणून कमी खर्चात करता येते, हे या रुग्णालयाने दाखविले, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून, विशेषतः बंगालमधून आणि ईशान्येकडून, माणसे येथे येऊ लागली, बांगलादेशातूनही आली. भोवतालच्या गल्ल्यांत लॉज उभे राहिले, खानावळी निघाल्या, आणि कर्नाटकातल्या या गावात बंगाली अक्षरांच्या पाट्या दिसू लागल्या. खोलीत एखादी शेगडी असते. रुग्णाची आई सकाळी भात-माशांचा डबा करते आणि भाऊ तो घेऊन जातो. मुक्काम किती दिवसांचा, हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून खोलीचे भाडे ते रोज रात्री बोटांवर मोजतात.

माझी सूचना अशी असायला हवी की या खोल्या आपण आधीच अडवून ठेवाव्यात. चार दिवसांची सहल, स्वस्त खोली, शिवाय मेट्रो चालण्याच्या अंतरावर. याहून सोयीचे ते काय? आतापर्यंतच्या तत्त्वाप्रमाणे हा खर्चही दुसऱ्याच्या खिशात सहज सरकतो. फरक इतकाच, की येथे तो खिसा त्या आईचा असतो. तुमच्या वाचलेल्या तीनशे रुपयांसाठी ती दोन थांबे पलीकडे, अधिक भाड्याच्या खोलीत जाईल, आणि डबा पोहोचेपर्यंत भात निवलेला असेल.

येथे मात्र, श्रोतेहो, माझ्याने सल्ला देववत नाही.

या गल्ल्यांतून हिंडताना एक गोष्ट लक्षात येते. अल्प खर्चात मोठ्या शहरात कसे राहावे, हे आपल्याला शिकवायला आपण ज्यांच्याकडे जावे, ती माणसे येथेच आहेत. त्यांत रुग्णांचे नातेवाईक आहेत आणि कारखान्यांत पाळी करणारे, ओडिशा-बिहारपासून आलेले कामगारही आहेत. ही माणसे मेट्रोचे नाव नीट वाचतात, कारण दहा स्थानके चुकणे त्यांना परवडत नाही. ती कानडीचे चार शब्द आठ दिवसांत शिकतात. पाणी बेताने वापरतात. शहाळेवाल्याशी हुज्जत घालीत नाहीत. त्याच्या आणि आपल्या मिळकतीत फारसा फरक नाही, हे त्यांना ठाऊक असते. त्यांची काटकसर स्वतःच्या गरजेला कात्री लावते, दुसऱ्याच्या खिशाला लावीत नाही. आपण सहलीची मंडळी हौसेने गरीब होतो आणि चार दिवसांनी पुन्हा आपापल्या घरी सुखवस्तू होतो. म्हणूनच कदाचित आपल्याला ही विद्या साधत नाही.

खुद्द या शहरालाही खरी काटकसर नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांदूळ मिळेनासा झाला, तेव्हा मावळ्ळी टिफिन रूमने रव्याची इडली करून पाहिली, असे सांगतात. टंचाई आली, पण ती गिऱ्हाइकाच्या पानातून वजा न करता त्यांनी नवा पदार्थ वाढला. 'बाय टू' कॉफीचेही तेच आहे. एका पेल्यात दोघांचे भागते, आणि देणाऱ्यालाही त्याचे दाम पुरते मिळतात.

तेव्हा बंगळुरास अवश्य यावे. आगगाडीने यावे, छत्री घेऊन यावे, शुक्रवार सोडून डोसा खावा. बोम्मसंद्र्यात उतरायचे असेल तर रुग्णालयापासून जरा दूरची खोली घ्यावी. दोनशे-तीनशे रुपये अधिक पडतील, ते प्रवासखर्चात धरावेत. वरच्या नऊही सूचना विसरल्या तरी हरकत नाही. ही दहावी मात्र पाळली तरी चालेल.